विश्लेषण : लॅम्पशेडमधून संगीत काढणाऱ्या डेलिया डर्बीशर कोण होत्या? त्यांचे नाव पडद्यावर यायला ५० वर्षे का लागली?

आज हाताशी साधा लॅपटॉप आणि हेडफोन असला, की घरबसल्या आवाज बनवून विकता येतात. सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये एखादा बास किंवा घंटेचा नाद घडवायचा. मोबाइलवर पाऊस, लोकल, कुकरची शिटी असे काहीबाही रेकॉर्ड करायचे. त्याचे छोटे तुकडे पाडून, नीट नावे देऊन शे-दोनशे आवाजांचा ‘सॅम्पल पॅक’ ऑनलाइन विक्रीला ठेवायचा. जगाच्या दुसऱ्या टोकाचा कुणी संगीतकार तो विकत घेतो आणि आपल्या गाण्यात वापरतो. हा आता रीतसर व्यवसाय झाला आहे.

पण हे सगळे संगणकाविना, ब्लेड, चिकटपट्टी आणि गणिताच्या जोरावर करणारी एक महिला ६० वर्षांपूर्वी लंडनमध्ये होती. तिचे नाव डेलिया डर्बीशर. ब्रिटिश टीव्हीवरील सर्वाधिक ओळखीच्या धूनांपैकी एक त्यांच्या हातून घडली. मात्र, त्या धूनेची रॉयल्टी त्यांना कधीच मिळाली नाही आणि मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव झळकले ते त्यांच्या मृत्यूनंतर १२ वर्षांनी. असे का झाले? आवाज बनवणारा एक आणि त्याचा मालक दुसरा, हे कसे घडते? जाणून घेऊया.

सॅम्पल म्हणजे नेमके काय?

सॅम्पल म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाजाचा छोटा तुकडा. तो तबल्याच्या एका थापेचा असेल, दार आपटल्याचा असेल किंवा यंत्रातून तयार केलेल्या एखाद्या स्वराचा. तो तुकडा वर-खाली करून, कापून, उलटा वाजवून, एकापुढे एक जोडून त्यातून संगीत रचले जाते.

असे आवाज मुख्यतः दोन वाटांनी मिळतात. पहिली वाट रेकॉर्डिंगची, म्हणजे जगात जो आवाज आहे तो टिपायचा. दुसरी संश्लेषणाची, म्हणजे जो आवाज कुठेच नाही तो ऑसिलेटरमधून निर्माण करायचा. ऑसिलेटर हे ठरावीक कंपनसंख्येचा विद्युत संकेत देणारे उपकरण. इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये सर्किट तपासायला ‘फंक्शन जनरेटर’ वापरलेल्यांना ते माहीत असेल. आजचे सॉफ्टवेअर सिंथेसायझर हेच काम प्रोसेसरवर गणित करून करतात.

डेलिया यांच्या काळात या दोन्ही वाटा होत्या, पण त्या एकत्र आणणारे तयार यंत्र हाताशी नव्हते. ते काम त्यांनी हाताने केले.

बालपण : भोंग्यांच्या आवाजात

डेलिया यांचा जन्म ५ मे १९३७ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या औद्योगिक शहरात झाला. वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर. डेलिया तीन वर्षांच्या असताना, १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर प्रचंड बॉम्बफेक केली. शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर त्यांना सुरक्षिततेसाठी प्रेस्टन या आई-वडिलांच्या मूळ गावी हलवण्यात आले.

हवाई हल्ल्याचा इशारा देणारे भोंगे आणि धोका टळल्यावर वाजणारा भोंगा हे त्यांच्या लहानपणीचे आवाज होते. प्रेस्टनमध्ये सकाळी कामगारांच्या लाकडी तळाच्या बुटांचा दगडी रस्त्यावर होणारा खडखडाट त्यात मिसळला. अमूर्त आवाजांची आपली ओढ तिथूनच आली असावी, असे त्या पुढे सांगत. सायरन कसा वाजतो ते आठवा. स्वर एका जागी थांबत नाही, खालून वर सरकत जातो आणि पुन्हा खाली येतो. त्यांच्या सर्वात गाजलेल्या धूनेतही स्वर असेच सरकतात.

अभ्यासात त्या विलक्षण हुशार होत्या. वयाच्या आठव्या वर्षी घरात पियानो आला. कामगाराच्या घरातील मुलीला विद्यापीठाचे दार क्वचितच उघडे असे, त्या काळात त्यांना ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे प्रवेश मिळत होता. त्यांनी केंब्रिजचे गर्टन कॉलेज निवडले आणि शिष्यवृत्तीवर गणित शिकायला गेल्या. वर्षभराने त्या संगीताकडे वळल्या. १९५९ मध्ये त्या गणित आणि संगीत अशा दोन्ही विषयांसह पदवीधर झाल्या.

पहिली नोकरी का मिळाली नाही?

पदवी हातात आल्यावर डेलिया यांनी डेक्का या मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे कामासाठी विचारणा केली. रेकॉर्डिंग स्टुडिओत आम्ही महिलांना कामावर घेत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. पात्रतेचा प्रश्नच आला नाही.

मग त्या जिनिव्हाला गेल्या. तिथे काही महिने शिकवण्या केल्या. नंतर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेत, म्हणजे जगभरच्या रेडिओ आणि टेलिफोन व्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेत, त्यांनी सहायक म्हणून काम केले. परत येऊन थोडे दिवस प्राथमिक शाळेत शिक्षिका, मग लंडनमध्ये एका संगीत प्रकाशकाकडे नोकरी. अखेर नोव्हेंबर १९६० मध्ये त्या बीबीसीत प्रशिक्षणार्थी सहायक स्टुडिओ व्यवस्थापक म्हणून लागल्या.

रेडिओच्या कार्यक्रमांसाठी रेकॉर्ड लावणे, आवाजाची पातळी सांभाळणे असे ते काम होते. पण याच बीबीसीत एक असा विभाग होता, जिथे बहुतेकांना जायचे नसे आणि डेलिया यांना तिथेच जायचे होते.

रेडिओफोनिक वर्कशॉप हा काय प्रकार होता?

बीबीसीने १९५८ मध्ये ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ सुरू केले. त्यामागे डॅफ्नी ओरम आणि डेस्मंड ब्रिस्को हे दोघे होते. रेडिओ नाटकात भास, स्वप्न, भीती किंवा परग्रह दाखवायचा, तर व्हायोलिन-पियानो पुरत नव्हते. त्यासाठी नवे आवाज बनवणारा हा विभाग. तो लंडनच्या मेडा व्हेल भागातील बीबीसीच्या इमारतीत होता. एकेकाळी ती इमारत रोलर स्केटिंगसाठी बांधलेली होती.

विभागाकडे पैसा बेताचाच होता. बीबीसीच्या इतर तांत्रिक खात्यांनी काढून टाकलेली यंत्रे इथे येत. उपकरणे तपासायचे ऑसिलेटर, फिल्टर आणि टेप रेकॉर्डर एवढाच सरंजाम. एकाच टेपवर अनेक थर रेकॉर्ड करणारे मल्टिट्रॅक यंत्रही सुरुवातीला नव्हते.

एप्रिल १९६२ मध्ये डेलिया इथे रुजू झाल्या आणि पुढची ११ वर्षे राहिल्या. या काळात त्यांनी रेडिओ आणि टीव्हीच्या सुमारे २०० कार्यक्रमांसाठी आवाज आणि संगीत तयार केले.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यापाशी येतो. वर्कशॉपमधील लोकांची गणना संगीतकारांमध्ये होत नव्हती. ते तांत्रिक सहायक होते. त्यांनी जे बनवले त्याखाली व्यक्तीचे नाव न येता विभागाचे नाव येई.

‘डॉक्टर हू’ची धून कशी तयार झाली?

१९६३ मध्ये बीबीसी एक नवी विज्ञानकथा मालिका आणत होती, ‘डॉक्टर हू’. पोलिसांच्या निळ्या टेलिफोन बूथसारख्या दिसणाऱ्या यानातून काळात प्रवास करणाऱ्या एका गूढ व्यक्तीची ही गोष्ट. तिच्या शीर्षक संगीताची रचना रॉन ग्रेनर या संगीतकाराने केली. ग्रेनर यांनी कागदावर जे लिहून दिले ते फारच थोडे होते. मूळ सुरावट, खालचा ठेका आणि बाकी वारा, ढग, बुडबुडे अशी वर्णने. वाद्ये कोणती, हे त्यात नव्हते. ते काम वर्कशॉपने करायचे होते. वर्कशॉपमध्ये ते डेलिया यांच्याकडे आले. मदतीला डिक मिल्स होते.

त्यांनी जे केले ते आजच्या भाषेत सांगायचे तर असे होते.

पहिली पायरी, मूळ आवाज गोळा करणे. बाससाठी एकच तार छेडून तिचा आवाज टेपवर घेतला. वर सरकणाऱ्या सुरावटीसाठी ऑसिलेटर वापरले. हुश्श करून जाणाऱ्या आवाजांसाठी व्हाइट नॉइज घेतला. जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण बंद झाल्यावर जी खरखर ऐकू यायची, तोच हा आवाज. तो फिल्टरमधून गाळून घेतला.

दुसरी पायरी, एका आवाजातून सगळे स्वर काढणे. टेप दुप्पट वेगाने वाजवली की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो आणि निम्म्या वेगाने वाजवली की एक सप्तक खाली येतो. पेटीच्या एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून १२ पट्ट्या असतात. एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जायचे तर वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढवावा लागतो. म्हणजे एक तार एकदाच छेडायची आणि वेगाच्या हिशेबाने तिच्यापासून पूर्ण सुरावट बनवायची. आजच्या सॅम्पलरमध्ये एकच आवाज कीबोर्डभर पसरवतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

तिसरी पायरी, लय. प्रत्येक स्वर किती वेळ वाजणार, तेवढ्या लांबीचा टेपचा तुकडा ब्लेडने कापायचा. टेप सेकंदाला १५ इंच वेगाने फिरत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा स्वर साडेसात इंचांचा होतो आणि पाव सेकंदाचा पावणेचार इंचांचा. असे तुकडे एकामागोमाग एक चिकटवायचे. आज लॅपटॉपच्या पडद्यावर माउसने जे ठोकळे ओढतो, ते तेव्हा फूटपट्टीने मोजून कापावे लागत.

चौथी पायरी, मिश्रण. बास एका टेपवर, सुरावट दुसऱ्यावर, बाकीचे आवाज तिसऱ्यावर. मग तिन्ही यंत्रे एकाच क्षणी सुरू करायची आणि ती जुळून चालली तर निघणारा आवाज चौथ्या टेपवर घ्यायचा. एकदा काहीतरी चुकत होते, सूर जुळत नव्हते. तेव्हा वर्कशॉपबाहेरच्या लांबलचक बोळात टेप शेजारीशेजारी उलगडून, प्रत्येक जोड तपासत चुकलेला तुकडा शोधून काढला, अशी आठवण मिल्स सांगत.

ऑगस्ट १९६३ मध्ये धून पूर्ण झाली. ग्रेनर यांनी ती ऐकली, तेव्हा हे खरोखर आपणच लिहिले का, असा प्रश्न त्यांना पडला. बरेचसे तुमचेच, असे डेलिया यांनी सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला. किरकोळ बदल सोडले तर १९८० पर्यंत हीच धून मालिकेला होती.

पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, ही धून रेकॉर्डवर बाजारात आली. ती काढणारी कंपनी होती डेक्का. पाच वर्षांपूर्वी डेलिया यांना दारातूनच परत पाठवणारी तीच डेक्का.

मग श्रेय आणि पैसा कुणाला?

ग्रेनर यांचे इथे कौतुक करायला हवे. डेलिया यांनी आपल्या कागदावरच्या रचनेला काय करून दाखवले, हे त्यांना कळले होते. सहसंगीतकार म्हणून डेलिया यांचे नाव यावे आणि त्यांना वाटा मिळावा, असा प्रयत्न त्यांनी केला. बीबीसीने तो मान्य केला नाही. वर्कशॉपचे कर्मचारी निनावी राहतील, हा नियम होता. श्रेयात ग्रेनर आणि वर्कशॉप एवढेच आले.

परिणाम सरळ होता. सुरावट लिहिणारा संगीतकार, म्हणून रॉयल्टी त्याला. आवाज घडवणारी कर्मचारी, म्हणून तिला महिन्याचा पगार. मालिका चालत राहिली, देशोदेशी विकली गेली, पण त्या पगारात त्यामुळे काही भर पडली नाही.

आता ही धून ऐकणारा माणूस काय लक्षात ठेवतो? सुरावट तर खरीच. पण पियानोवर तीच सुरावट वाजवली, तर अंगावर काटा येत नाही. तो येतो त्या आवाजामुळे. पण स्वरलिपी कागदावर लिहिता येत होती, म्हणून तिला मालकी मिळाली. आवाजाचा पोत लिहून दाखवता येत नव्हता, म्हणून तो कारागिरी ठरला. डेलिया यांच्या आयुष्यातील तिढा इथे आहे.

लॅम्पशेडची गोष्ट काय आहे?

डेलिया यांची पद्धत समजून घ्यायची तर ‘डॉक्टर हू’पेक्षा १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स’ ही रचना अधिक सांगून जाते. सहारा वाळवंटातील तुआरेग लोकांवरच्या बीबीसीच्या माहितीपटासाठी ती केली होती. वाळवंट, उन्हाचे लवलवणे, दुरून संथपणे येणारा उंटांचा तांडा. हे आवाजात कसे आणायचे?

वर्कशॉपमध्ये एक जुनी, हिरव्या रंगाची ॲल्युमिनियमची लॅम्पशेड होती. तिच्यावर टिचकी मारली की ती सुंदर घुमायची. डेलिया यांनी तो नाद रेकॉर्ड केला. देवळातील घंटेच्या आवाजाचे दोन भाग असतात. पहिला टोला आणि मागे राहणारा घुमारा. टोला आपल्याला सांगतो की कशावर तरी काहीतरी आपटले. तो काढून टाकला, की कान गोंधळतो. उरतो नुसता नाद, ज्याचा उगम ओळखता येत नाही. डेलिया यांनी टोला वगळून फक्त घुमारा घेतला.

पुढचे काम गणिताचे होते. कोणताही नाद अनेक शुद्ध कंपनांची बेरीज असतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात फूरिए विश्लेषण म्हणून हे शिकवतात आणि परीक्षेनंतर बहुतेक जण ते विसरतात. डेलिया यांनी लॅम्पशेडच्या नादात कोणकोणत्या कंपनसंख्या आहेत ते शोधले, त्यातील सर्वात ठळक १२ निवडल्या आणि वर्कशॉपमधील १२ ऑसिलेटर त्या-त्या संख्येवर लावून तो नाद नव्याने उभा केला. उंटांच्या पावलांसाठी त्यांनी स्वतःचाच आवाज रेकॉर्ड करून, कापून वापरला.

थोडक्यात, आधी सॅम्पल घेतले, मग त्याचे विश्लेषण केले, मग त्यावरून सिंथेसायझरचा स्वर बनवला. आजही चांगला ध्वनी डिझायनर अनेकदा याच क्रमाने जातो. फरक एवढाच की विश्लेषण आता सॉफ्टवेअर क्षणात करते.

माणसांच्या बोलण्यावरही त्यांनी असेच काम केले. १९६४ मध्ये बॅरी बर्मांज यांच्यासोबत त्यांनी रेडिओसाठी ‘द ड्रीम्स’ ही कलाकृती केली. त्यात सामान्य माणसे आपली स्वप्ने सांगतात. पळणे, पडणे, बुडणे अशा तुकड्यांत ती वाक्ये कापून, पुन्हापुन्हा फिरवून, खाली इलेक्ट्रॉनिक आवाजांचा थर देऊन मांडली होती.

आवाज विकायला त्यांनी कधी सुरुवात केली?

पगारी नोकरीत नाव मिळत नाही म्हटल्यावर डेलिया यांनी बाहेरची कामे सुरू केली. १९६६ मध्ये वर्कशॉपमधील सहकारी ब्रायन हॉजसन आणि पीटर झिनोव्हिएफ यांच्यासोबत त्यांनी ‘युनिट डेल्टा प्लस’ हा गट काढला. इलेक्ट्रॉनिक संगीत बनवायचे आणि त्याचा प्रसार करायचा, हा हेतू. झिनोव्हिएफ यांच्या लंडनमधील पटनी भागातील घरात स्टुडिओ होता. गट १९६७ मध्येच फुटला.

मग हॉजसन आणि डेव्हिड व्हॉरहाउस या तरुणासोबत कॅम्डेनमध्ये ‘कॅलिडोफोन’ हा स्टुडिओ उभा राहिला. तिथे ‘व्हाइट नॉइज’ या नावाने त्यांनी ‘ॲन इलेक्ट्रिक स्टॉर्म’ हा अल्बम केला. आयलंड रेकॉर्ड्सने तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीला तो फारसा गाजला नाही, पण पुढच्या पिढ्यांतील इलेक्ट्रॉनिक संगीतकारांनी तो शोधून शोधून ऐकला.

आजच्या सॅम्पल व्यवसायाशी सर्वात जवळचे काम मात्र वेगळेच होते. त्या वेळी ‘स्टँडर्ड म्युझिक लायब्ररी’सारख्या संस्था तयार संगीताच्या रेकॉर्ड काढत. त्या दुकानात विकायला नसत. टीव्ही, जाहिरात आणि चित्रपटवाले त्यातील हवा तो तुकडा निवडत, पैसे भरत आणि आपल्या कार्यक्रमाला लावत. सॅम्पल पॅकचे हे जणू आधीचे रूप. डेलिया यांनी या लायब्ररीसाठी इलेक्ट्रॉनिक तुकडे बनवले. बीबीसीच्या नोकरीत असताना स्वतःच्या नावाने ते करणे अडचणीचे, म्हणून त्यांनी ‘ली डी ला रूस’ हे टोपणनाव घेतले. त्यात त्यांच्या नावातील अक्षरांची फिरवाफिरव होती आणि त्यांच्या लालसर केसांकडे इशाराही.

गंमत म्हणजे या लायब्ररीतील काही तुकडे पुढे ‘द टुमॉरो पीपल’ या मालिकेत वापरले गेले. ही मालिका होती ‘डॉक्टर हू’ला टक्कर देण्यासाठी प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनीने आणलेली. त्यामुळे १९७०च्या दशकात ब्रिटनमधील मुले दोन्ही वाहिन्यांवर त्यांचेच आवाज ऐकत होती. एकीकडे नाव नव्हते, दुसरीकडे खोटे नाव होते.

सिंथेसायझर आले, मग त्यांनी काम का सोडले?

झिनोव्हिएफ यांच्या ईएमएस कंपनीने १९६९ मध्ये ‘व्हीसीएस ३’ हा छोटेखानी सिंथेसायझर आणला. १९७० मध्ये त्याच कंपनीचा भिंतीएवढा मोठा सिंथेसायझर वर्कशॉपमध्ये आला. वर्कशॉप ज्या रस्त्यावर होते त्यावरून त्याला ‘डेलावेअर’ म्हणत. आता टेप कापायची गरज उरली नाही, बटणे फिरवली की आवाज तयार.

सगळ्यांना वाटेल की डेलिया खूश झाल्या असतील. तसे झाले नाही. कामे भराभर हातावेगळी करण्याचा दबाव वाढला होता. एकेका आवाजावर दिवसच्या दिवस घालवण्याची त्यांची रीत त्यात बसत नव्हती. १९७२ मध्ये ‘डॉक्टर हू’ची धून डेलावेअरवर नव्याने करण्याचा प्रयोग झाला. त्यात डेलियाही होत्या. तो नापसंत ठरला आणि हाताने कापलेली जुनी धूनच पुन्हा लावली गेली. नऊ वर्षांपूर्वीच्या टेपच्या तुकड्यांनी अत्याधुनिक यंत्रावर मात केली होती.

१९७३ मध्ये त्यांनी बीबीसी सोडली. काही काळ हॉजसन यांच्या स्टुडिओत काम केले. ‘द लेजेंड ऑफ हेल हाउस’ या भयपटाचे संगीत त्यातलेच. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मात्र त्या संगीतापासून जवळपास दूर झाल्या. इंग्लंडच्या उत्तरेला गॅसची पाइपलाइन टाकण्याच्या कामावर त्यांनी रेडिओ ऑपरेटर म्हणून नोकरी केली. एका कलादालनात आणि पुस्तकांच्या दुकानातही काम केले. १९८० पासून त्या नॉर्थम्प्टन येथे जोडीदारासोबत राहत होत्या.

बाहेर जग मात्र त्यांच्याच वाटेने निघाले होते. १९८०च्या दशकात सॅम्पलर यंत्रे आली आणि आवाज कापून-जोडून गाणी बनवणे ही रोजची गोष्ट झाली. १९८८ मध्ये ‘डॉक्टर हू’च्या धूनेवर बेतलेले एक नृत्यगीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तरुण संगीतकार त्यांना शोधत येऊ लागले. त्यांच्यापैकी पीटर केंबर यांच्यासोबत त्यांनी पुन्हा आवाजावर काम सुरू केले. तो दुसरा डाव रंगण्याआधीच ३ जुलै २००१ रोजी, वयाच्या ६४व्या वर्षी, मूत्रपिंड निकामी झाल्याने त्यांचे निधन झाले.

माळ्यावर काय सापडले?

त्यांच्या निधनानंतर घराच्या माळ्यावर २६७ टेप सापडल्या. न्याहारीच्या सीरियलच्या रिकाम्या खोक्यांत त्या भरून ठेवल्या होत्या. त्यात पूर्ण रचना होत्या, अर्धवट प्रयोग होते आणि सुटे आवाज होते. वर्कशॉपचे ध्वनिसंग्रह सांभाळणारे मार्क एअर्स यांच्यामार्फत त्या २००७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाकडे गेल्या आणि तिथे त्यांचे डिजिटल रूपांतर झाले. त्यात १९६०च्या दशकात केलेला एक ठेका असा निघाला की तो आजच्या क्लबमध्ये वाजला तरी जुना वाटू नये.

यानंतर मान्यतेला वेग आला. २३ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘डॉक्टर हू’चा ५०व्या वर्षपूर्तीचा विशेष भाग प्रसारित झाला आणि मालिकेच्या पडद्यावर प्रथमच धूनेच्या श्रेयात डेलिया डर्बीशर हे नाव आले. कॉव्हेंट्रीत एका रस्त्याला त्यांचे नाव मिळाले, बालपणीच्या घरावर निळी पाटी लागली आणि २०१७ मध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली.

वर्कशॉप १९९८ मध्ये बंद झाले होते. २०२५ मध्ये स्पिटफायर ऑडिओ या ब्रिटिश कंपनीने बीबीसीसोबत या वर्कशॉपच्या आवाजांची सॅम्पल लायब्ररी विक्रीला आणली. एकेकाळी खात्यातील सहायकांची कारागिरी समजले जाणारे आवाज आता किंमत मोजून डाउनलोड करता येतात.

भारतात नियम काय आहे?

डेलिया यांच्यासोबत जे झाले ते आजही घडू शकते, म्हणून आवाज बनवून विकणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, नोकरीचा भाग म्हणून केलेली निर्मिती. भारताच्या कॉपीराइट कायदा १९५७ मधील कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर अशा निर्मितीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. स्टुडिओत पगारावर असताना बनवलेले आवाज नंतर आपल्या पॅकमध्ये विकायचे असतील, तर करारात तसे लिहून घेणे आवश्यक आहे.

दोन, स्वतःच्या पुढाकाराने केलेले ध्वनिमुद्रण. यात ‘निर्माता’ हाच कायद्याच्या दृष्टीने कर्ता असतो आणि निर्माता म्हणजे ते काम करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. घरी, स्वतःच्या साधनांवर, स्वतःसाठी बनवलेले आवाज तुमचे आहेत. प्रकाशनानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो.

तीन, विक्रीची अट. सॅम्पल पॅक बहुधा ‘रॉयल्टी-फ्री’ विकले जातात. म्हणजे घेणारा एकदाच पैसे देतो आणि तो आवाज आपल्या गाण्यात वापरतो. गाणे कितीही गाजले तरी सॅम्पल बनवणाऱ्याला पुढे काही मिळत नाही. तोच सुटा आवाज पुन्हा विकायला मात्र बहुतेक परवान्यांत मनाई असते. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीतील समान वाट्याला संरक्षण दिले. पण आवाजाचा पोत घडवणारा संगीतकार मानायचा की तंत्रज्ञ, हा डेलिया यांच्यापुढचा प्रश्न करार करताना आजही समोर येतो.

थोडक्यात

डेलिया यांनी तार, लॅम्पशेड आणि लॅबमधील ऑसिलेटर यातून जे आवाज काढले, ते काढण्याची हातोटी त्यांची होती. ते कोणाच्या नावावर राहतील, हे नोकरीच्या नियमांनी ठरवले. साधने आता कोणालाही परवडतील इतकी स्वस्त झाली आहेत. नावाचा आणि मालकीचा हिशेब मात्र अजूनही कागदावरच होतो. म्हणून पुढचा आवाज बनवताना फाइलला नाव द्या, तारीख टाका आणि तो कोणासाठी, कोणत्या अटीवर बनवत आहात ते आधी लिहून ठेवा. डेलिया यांना ती संधी मिळाली नव्हती.